डोंगरावरची उपासना आणि कुमारीची कांकणे

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

मार्गशीर्ष शुद्ध पौर्णिमेला दिवेलागणीच्या वेळी देवळोदेवळी दत्तप्रभूंचा पाळणा हलतो. सुंठवडा वाटला जातो, सात दिवसांच्या गुरुचरित्र पारायणाची सांगता झालेली असते आणि आपण सटाणेकर आरमच्या थंड वाऱ्यात उपरणे घट्ट लपेटून घरी परततो. पुढे अकरा दिवसांनी, मार्गशीर्ष वद्य एकादशीला, देवमामलेदार यशवंतराव महाराजांची यात्रा असते. हा आपला मार्गशीर्ष. पण ह्याच पौर्णिमेच्या रात्री आपल्याच बागलाण तालुक्याच्या पश्चिम अंगाला, कळवण-सुरगाण्याच्या डोंगरांत आणि तिकडे धुळे, नंदुरबार, डांगापर्यंत आणखी एक उपासना पुरी होत असते, तिची आपल्यापैकी पुष्कळांना जेमतेम ऐकीव माहिती असते. ती म्हणजे आदिवासी बांधवांचा डोंगऱ्यादेवाचा उत्सव.

प्रस्तुत लेखात डोंगरावरच्या सामूहिक प्रार्थनेचा विचार करायचा आहे. ‘देव देवळात आहे, घरातल्या देव्हाऱ्यात आहे, मग ह्या वयात गुडघे झिजवत डोंगरावर कशाला?’ असे घरचे लोक विचारतात. त्याचे उत्तर आपण देऊ शकतो. त्यापेक्षा अवघड प्रश्न दत्तसंप्रदायातला अभ्यासू माणूस विचारतो. तो म्हणतो, ‘अवधूत तर एकटा हिंडणारा. तुम्ही वीस-पंचवीस जण टाळ-झांजा घेऊन डोंगरावर जाता, हे दत्ताचे की जत्रेचे?’ हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. त्याचेच उत्तर आधी पाहू.

भागवताच्या एकादश स्कंधात, सातव्या ते नवव्या अध्यायात, अवधूत आणि यदुराजा ह्यांचा संवाद आहे. भगवान श्रीकृष्ण तो उद्धवाला सांगतात. तो अवधूत म्हणजेच श्रीदत्त, अशी आपल्या परंपरेची श्रद्धा. राजाने विचारले, ‘बाबा, तुम्ही काही करत नाही, काही मागत नाही, तरी इतके आनंदात कसे?’ तेव्हा अवधूताने आपले चोवीस गुरू सांगितले. ते आपल्याला पाठ असतात, नातवंडांकडून पाठ करूनही घेतो आपण. पृथ्वी, वायू, आकाश, पाणी, अग्नी, चंद्र, सूर्य, कपोत, अजगर, समुद्र, पतंग, मधमाशी, हत्ती, मध काढणारा, हरिण, मासा, पिंगला, टिटवी, बालक, कुमारी, बाण करणारा कारागीर, सर्प, कोळी आणि कुंभारीण माशी. पाठांतर चांगलेच. पण पाठांतरात एक गोष्ट हातून निसटते. पहिला गुरू पृथ्वी म्हणून सांगितला, तिथे अवधूत नुसता ‘पृथ्वी क्षमाशील आहे’ एवढे सांगून थांबलेला नाही. पृथ्वीचीच दोन रूपे म्हणून त्याने डोंगर आणि झाड ह्यांची नावे वेगळी काढली आहेत. आपले सारे काही दुसऱ्यासाठी असावे, आपला जन्मच परार्थ असावा, हे डोंगराकडून शिकावे. आणि दुसऱ्याच्या हाती स्वतःला कसे सोपवावे, हे झाडाकडून शिकावे, असा तो भाग आहे.

आता हे बागलाणात बसून वाचताना वेगळे लागते, कारण आपला डोंगर परार्थ आहे म्हणजे काय हे आपण शेतकरी माणसे रोज पाहतो. मोसम कुठून येते? साल्हेर-मुल्हेरच्या बाजूच्या डोंगरांतून. आपली आरम, तिकडची गिरणा, ह्या सगळ्या ह्याच सह्याद्रीच्या रांगांनी धरलेल्या पावसावर वाहतात. तो पाऊस डोंगर स्वतःसाठी ठेवत नाही. माथ्यावर बघावे तर कातळ आणि वाळलेले गवत, आणि खाली डाळिंब, द्राक्ष, कांदा. कसमाद्यातल्या विहिरीत जे पाणी आहे, ते वरच्या कोणाचे तरी न राखलेले पाणी आहे. चोवीस गुरूंतला हा एक गुरू आपल्या घराच्या ओट्यावरून दिसतो, आणि आपण त्याला ‘पॉइंट’ म्हणायला लागलो आहोत. असो.

म्हणजे डोंगराकडे जाण्याला आधार आहे. डोंगर गुरुस्थानी आहे आणि गुरूकडे आपण होऊन चालत जायचे असते. पण ‘एकट्याने की मिळून’ हा प्रश्न अजून तसाच आहे, आणि तो उभा करणारी कुमारी त्याच चोवीस गुरूंत बसली आहे.

तिची गोष्ट थोडक्यात अशी. एका मुलीला मागणी घालायला पाहुणे आले. घरची माणसे बाहेर गेलेली. पाहुण्यांना जेवू घालायचे तर घरात सडलेले तांदूळ नाहीत, म्हणून ती आडोशाला बसून साळी कांडू लागली. हातात शंखाची कांकणे होती, ती एकमेकांवर आपटून वाजू लागली. पाहुण्यांना ऐकू गेले तर घरचे दारिद्र्य कळेल, म्हणून तिला लाज वाटली. तिने एकेक कांकण काढले, दोन्ही हातांत दोन-दोन ठेवली. तीही वाजली. मग एकेकच ठेवले, तेव्हा आवाज थांबला. अवधूताने त्यातून घेतले ते असे, की पुष्कळ माणसे एकत्र राहिली की भांडण होते, दोघे राहिले तरी गप्पा होतात, तेव्हा कुमारीच्या कांकणासारखे एकटे असावे.

झाले! म्हणजे आमचा डोंगरावरचा मेळा बाद. असेच कोणालाही वाटेल. पण गोष्ट पुन्हा नीट वाचा. ती मुलगी कांकणे काढते ती पाहुण्यांपासून पळून जाण्यासाठी नव्हे. तिला कांडायचेच आहे, आणि चार माणसांना जेवू घालण्यासाठीच कांडायचे आहे. तिने माणसे सोडलेली नाहीत, आवाज सोडला आहे. दुसरे असे, की कांकण एकाच हातात असणे हा दोष नाही, एकावर एक आपटणे हा दोष आहे. दोन्ही हातांत एकेक राहिले, म्हणजे कांकणे शेवटी दोन उरलीच! ती एकाच कामात, एकाच मुसळावर, एकाच लयीत खालीवर होत होती, आणि तरी वाजत नव्हती. माझ्या मते सामूहिक उपासनेचे सगळे मर्म ह्या दोन कांकणांत आहे. मिळून करावे, पण आपटू नये. हा अर्थ मी माझ्या पदरचा लावतो आहे, जाणत्यांनी तो तपासून घ्यावा. मात्र संन्याशाला सांगितलेली गोष्ट प्रपंची माणसाने आपल्या मापाने घ्यावी लागते, हे नाथमहाराजांनीच आपल्याला शिकवले आहे. अकराव्या स्कंधावरची त्यांची प्रचंड टीका, जिला आपण एकनाथी भागवत म्हणतो, ती सुमारे १८,८०० ओव्यांची. ती १५७३ साली वाराणसीत पुरी झाली. लिहिणारा मुलाबाळांत राहणारा गृहस्थ होता.

आणि हे नाथमहाराज स्वतः घडले कुठे? डोंगरावर. देवगिरीच्या किल्ल्यावर त्यांचे गुरू जनार्दनस्वामी कारभार पाहत होते, हातात किल्ल्याचा हिशेब आणि मुखात दत्तनाम. गुरूंच्या आज्ञेने नाथांनी जवळच्या शूलिभंजनाच्या डोंगरावर अनुष्ठान केले, असे परंपरा सांगते. तिथे आजही दत्ताचे स्थान आहे, लोक वर जातात. पण अनुष्ठान झाल्यावर नाथ डोंगरावर राहिले नाहीत. खाली उतरले, पैठणला आले, लग्न केले, आणि दारी येईल त्याला जेवू घातले. चढण्याइतकेच उतरणेही उपासनेत धरायचे असते, हे मी आवर्जून सांगतो, कारण डोंगरावरून आल्यावर आठ दिवस घरच्यांशी तुटक वागणारे साधक मी पाहिले आहेत.

दत्तप्रभूंचा दिनक्रम परंपरेने सांगितला आहे, तो ह्या दृष्टीने पाहावा. काशीला स्नान, कोल्हापुरास भिक्षा आणि माहूरगडावर निद्रा. स्नान नदीवर, निद्रा डोंगरावर, पण भिक्षा भर वस्तीत, बाजारपेठेच्या गावी. डोंगर त्यांच्या नित्याचा आहे, पण ते तिथेच बसून राहत नाहीत. दत्ताची जी जी स्थाने उंचावर आहेत, गिरनारच्या सुमारे दहा हजार पायऱ्यांवरच्या पादुका घ्या, अबूच्या गुरुशिखरावरचे १,७२२ मीटर उंचीचे ठाणे घ्या, माहूरचे दत्तशिखर घ्या, तिथे आपण जातो ते पादुकांना डोके टेकवायला. पादुका म्हणजे चालणाऱ्याची खूण. तो पुढे गेला आहे, आपणही दर्शन घेऊन निघायचे.

आपल्या दारातले तप:स्थान

गिरनारला ज्यांना जाणे झाले नाही त्यांनी मनाला लावून घेऊ नये. आपल्याकडे साल्हेर आहे. उंची १,५६७ मीटर, म्हणजे कळसूबाईखालोखाल महाराष्ट्रातले दुसरे उंच शिखर आणि किल्ल्यांत सर्वांत उंच. शिवकाळात १६७२ साली ह्याच्या पायथ्याशी मोगलांशी उघड्या मैदानावर मोठी लढाई झाली आणि मराठ्यांनी ती जिंकली, हे आपण शाळेत शिकलो. २०२५ मध्ये शिवरायांच्या किल्ल्यांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला, त्या बारांत साल्हेर आहे. पण उपासकाच्या दृष्टीने साल्हेरचे महत्त्व ह्याहून निराळे आहे. अगदी माथ्यावर परशुरामाचे छोटेसे देऊळ आहे, आत पादुका आहेत. परशुरामाने सारी पृथ्वी जिंकून दान केली, मग स्वतःला राहायला जागा उरली नाही, तेव्हा त्याने इथून बाण सोडून समुद्र मागे हटवला, अशी कथा आपल्या भागात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात.

ह्या परशुरामाचा आणि दत्तप्रभूंचा संबंध फार जवळचा आहे. ‘त्रिपुरारहस्य’ नावाचा जो ग्रंथ आहे, त्यात परशुराम गंधमादन पर्वतावर श्रीदत्तांकडे जातो आणि शिष्य होऊन ज्ञान विचारतो. माहूरला तर रेणुकामाता, परशुराम आणि दत्त हे तिघे एकाच गडाच्या परिसरात आहेत. तिथे परशुरामाच्या आईवडिलांच्या अंत्यविधीचे आचार्यत्व दत्तांनी केले, अशी माहूरची स्थलकथा आहे. तेव्हा साल्हेरच्या माथ्यावर परशुरामाच्या पादुकांपुढे बसून दत्तनाम घेणे म्हणजे शिष्याच्या ओसरीवर बसून गुरूचे नाव घेणे. मला तरी त्यात फार गोडी वाटते. एका जन्मात ज्याने एवढे शस्त्र चालवले, त्याला शेवटी कोणापुढे तरी बसून ‘आता मला सांगा’ म्हणावेसे वाटले, हे घरात पन्नास वर्षे अधिकार गाजवून झालेल्या आपल्यासारख्या म्हाताऱ्यांनी विचारात घेण्यासारखे आहे.

साल्हेरच्या आसपासचा सगळा मुलूखच मिळून उपासना करणाऱ्यांचा आहे. मुल्हेरला किल्ल्याच्या पायथ्याशी उद्धव महाराजांच्या समाधी मंदिरात कोजागरीला रासक्रीडेचा उत्सव होतो, रात्रभर पदे म्हटली जातात. ताहाराबादच्या पुढे मांगीतुंगीला जैन बांधव पहाटेपासून हजारो पायऱ्या चढतात. त्यांच्या परंपरेप्रमाणे तिथून असंख्य मुनी मोक्षाला गेले. २०१६ साली तिथे डोंगराच्या कातळात कोरलेल्या १०८ फुटी ऋषभदेवांच्या मूर्तीची प्रतिष्ठापना झाली. सप्तशृंगीला चैत्रात खानदेशातून माणसे पायी लोटतात. तिथला एक रिवाज फार विचार करायला लावतो. शिखरावर ध्वज लावायचा मान दरेगावच्या गवळी घराण्याचा. रात्री तो एकटा माणूस त्या अवघड सुळक्यावर चढून जातो आणि खाली हजारो माणसे माना वर करून उभी असतात. प्रार्थना सगळ्यांची, पाय एकाचे. सामूहिक उपासनेत प्रत्येकाने माथा गाठलाच पाहिजे असे नाही, हे ह्यावरून ध्यानी यावे. पुढे हा मुद्दा पुन्हा येईल.

आणि डोंगऱ्यादेव. कोकणा, भिल्ल आणि इतर आदिवासी गावांत मार्गशीर्षात हे व्रत घेतात. गावोगावी रिवाज थोडेफार निराळे, पण ठोकळ रूप असे. जे व्रत घेतात त्यांना ‘माऊली’ म्हणतात. हा शब्द ऐकून आपल्या वारकऱ्यांनी कान टवकारावेत! माऊली व्रताच्या दिवसांत घरच्या सुखापासून दूर राहतात, अनवाणी चालतात, एकभुक्त राहतात, ब्रह्मचर्य पाळतात. पावरीच्या सुरावर रात्र रात्र फेर धरतात. गावोगाव फिरतात आणि लोक त्यांना धान्य वाढतात. शेवटी पौर्णिमेच्या रात्री भगताबरोबर सगळे मिळून आपापल्या गडाच्या ठिकाणी जातात, डोंगराची पूजा करतात, जागरण करतात, आणि मग गावात परतून सगळ्या गावाचे जेवण होते. देऊळ नाही, मूर्ती नाही, डोंगर हाच देव.

आता बघा, अनवाणी पाय, भिक्षा, रात्रीचे जागरण, नाम, आणि तिथी मार्गशीर्ष पौर्णिमा. ह्यातले काय दत्तभक्ताला परके आहे? आपण त्याला ‘त्यांचं काहीतरी असतं’ म्हणून बाजूला सारतो. डोंगऱ्यादेव म्हणजे दत्तच, असे म्हणण्याचा माझा हेतू नाही. त्यांचा देव त्यांचा आहे, त्याला आपले नाव चिकटवण्याची गरज नाही. पण अवधूताने अजगर आणि कोळी ह्यांनाही गुरू केले. मग आपल्याच तालुक्यातली माणसे डोंगरापुढे कशी वागतात हे बघून शिकायला आपल्याला कमीपणा का वाटावा? त्यांच्या व्रतात एक गोष्ट मला सर्वांत मोठी वाटते. डोंगरावर जायचे म्हणून ते आधी कित्येक दिवस तयारी करतात. देहाची, जिभेची, वागण्याची. आपण सकाळी जीप ठरवतो आणि दुपारी माथ्यावर फरसाण उघडतो.

मिळून बसावे कसे

आमच्या मंडळींचा डोंगरावर जाण्याचा नेम साधा आहे. तो सगळ्यांनी तसाच घ्यावा असे नाही, पण काही गोष्टी अनुभवाने टिकल्या, त्या सांगतो. मार्गशीर्षात उन्हाळ कांद्याच्या लावणीची धांदल असते, रोपे उपटलेली असतात, मजूर मिळत नाहीत. त्यामुळे जयंतीच्या आधीचा किंवा नंतरचा एखादाच दिवस मोकळा निघतो. ज्या वर्षी तोही निघत नाही त्या वर्षी आम्ही जवळच, दोधेश्वरच्या डोंगराकुशीत महादेवाच्या सान्निध्यात बसतो. तीही जागा काही कमी नाही.

निघण्याआधी तीन दिवस प्रत्येकाने एक गोष्ट सोडायची. कोणी चहा, कोणी तंबाखू, कोणी सुनेला टोमणे मारणे. (शेवटची सर्वांत जड जाते, असे एका काकूंनीच सांगितले.) चढताना नामस्मरण मनातल्या मनात, कारण चढावर मोठ्याने म्हटले की छाती भरते आणि मग नाम राहते बाजूला, धापच लागते. माथ्यावर किंवा जिथे थांबायचे ठरले असेल तिथे पोचल्यावर आधी कोणी काही बोलायचे नाही. पाच-सात हात अंतर सोडून प्रत्येकाने आपली जागा धरायची आणि पंधरा-वीस मिनिटे नुसते बसायचे. वारा ऐकू येतो. खालून गाईच्या घंटेचा आवाज येतो. सुरुवातीला ह्या वेळी हमखास कोणाचा तरी मोबाइल वाजायचा. आता सगळे फोन एका पिशवीत घालून गाडीच्या चालकाकडे देतो आणि एकच सोबत ठेवतो, अडीअडचणीला. मग सगळे जवळ येऊन ‘दिगंबरा’चा गजर, मध्यम आवाजात, टाळ्यांवर. झांजा आणि लाऊडस्पीकर नाहीत. हे सोवळे म्हणून नव्हे. आपल्याकडच्या कड्यांवर आग्या मोहोळ असते. धूर आणि गोंगाट ह्यांनी ते उठले तर देव आठवायलाही वेळ मिळत नाही. मधमाशी हीसुद्धा चोवीसांतलीच एक. तिच्या दारात जाऊन तिलाच धुपाटणे दाखवू नये. मार्गशीर्षात गवत वाळलेले असते, म्हणून कापूरही पेटवत नाही. आरती खाली उतरल्यावर, मोकळ्या जागी.

गजरानंतर चिंतन. चोवीसांतला एकच गुरू घ्यायचा, त्याचा भाग एकाने वाचायचा. मग ज्याला वाटेल त्याने एक-दोन वाक्ये बोलायची, स्वतःविषयीच. इथे आमचा एकच कडक नियम आहे, आणि तो त्या कुमारीकडून घेतला आहे. दुसऱ्याच्या बोलण्यावर बोलायचे नाही. दुरुस्ती नाही, दुजोरा नाही, ‘अहो तसं नाही ते’ नाही, उपदेश तर नाहीच. एक बोलला की थोडी शांतता, मग दुसरा. कांकण कांकणावर आपटू द्यायचे नाही. ऐकायला सोपे वाटते, पण करून बघा. साठी ओलांडलेल्या माणसाला दुसऱ्याचे वाक्य तसेच सोडून देणे हे उपवासापेक्षा कठीण जाते. निवृत्त शिक्षकांना तर फारच, हे मी स्वतः त्या जातीचा असल्याने सांगू शकतो.

ह्या नियमाने काय होते त्याचा एक प्रसंग सांगतो, नावे सांगण्याचे कारण नाही. मंडळींमध्ये दोन चुलतभाऊ आहेत, दोघेही सत्तरीच्या घरातले. बांधाच्या वीतभर जागेवरून त्यांचे बोलणे बंद होते. तारखा चालू, मोजणी दोनदा झालेली, दोघांच्या घरची मुले एकमेकांच्या लग्नाला जात नव्हती. दत्तभक्त मात्र दोघेही पक्के. त्यामुळे डोंगरावर दोघेही यायचे आणि एक ह्या टोकाला, दुसरा त्या टोकाला बसायचा. त्या वर्षी वाचायला पृथ्वीचा भाग होता. लोक नांगरतात, खणतात, तुडवतात, तरी ती आपल्या व्रतापासून ढळत नाही, असा आशय. वाचून झाल्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. मग थोरला म्हणाला, “तिला एवढं नांगरलं ते तिने सोसलं. मला वीतभर सोसलं नाही.” एवढेच.

खाली गावात हे वाक्य निघाले असते तर धाकट्याने काहीतरी म्हटले असते, त्यावर थोरला चिडला असता, आणि आणखी कोणीतरी मध्ये पडून समेट घडवायला गेला असता. तिथे नियम होता. धाकट्याला उत्तर देता येत नव्हते. समजूतदारपणाने मान हलवायलाही आम्ही कोणी धजावलो नाही. ते वाक्य तसेच वाऱ्यात राहिले आणि त्याला ते अर्धा तास ऐकत बसावे लागले. उतरताना घसाऱ्याच्या एका टप्प्यावर थोरल्याचा पाय सरकला, तेव्हा धाकटा मागून पुढे आला आणि “हात दे” म्हणाला. पाच वर्षांनंतरचे ते पहिले शब्द. दावा अजून मिटलेला नाही, हेही सांगितले पाहिजे. वकिलांकडे कागद आहेत तसे आहेत. पण तारखेला दोघे आता एकाच गाडीने जातात. परशुरामाने सारी पृथ्वी देऊन टाकली आणि आपल्याला वीत सुटत नाही, हे आम्हा सर्वांनाच त्या दिवशी कळले. कारण बांध काय एकाच घरात असतो का?

आता राहिला वयाचा प्रश्न. विशेषांकाचे बहुतेक वाचक माझ्याच वयाचे असणार, म्हणून स्पष्ट लिहितो. साल्हेरचा माथा सगळ्यांसाठी नाही. वाट लांब आहे, दरवाजांच्या पायऱ्या उंच आहेत, मध्ये कड्याच्या कडेने चालावे लागते. हृदयाचा, दम्याचा, चक्कर येण्याचा त्रास असेल त्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाऊल उचलू नये. रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी ‘आज उपास आहे’ म्हणून चुकवू नये. दत्तप्रभू गोळी घेतल्याने रागावत नाहीत. पहाटे निघावे, ऊन चढण्याआधी वर पोचावे, आणि उजेड असतानाच सगळे पायथ्याला यावेत. गुडघ्यासाठी चढण्यापेक्षा उतरणे वाईट. तेव्हा काठी उतरताना हवी, ती चढताना घेऊन वर विसरू नये. सप्तशृंगीला आता ट्रॉली आहे, तिने गेल्याने दर्शनाचे पुण्य कमी होत नाही. पुण्याचे मोजमाप पायऱ्यांवर असते तर डोलीवाले सगळ्यांच्या आधी वैकुंठाला गेले असते.

आमच्यातल्या एका आजोबांनी नव्वदी गाठली आहे. तरुणपणी साल्हेर-मुल्हेर त्यांनी अनेकदा पालथे घातले. आता पायथ्याच्या पुढे जाता येत नाही. पहिल्या वर्षी त्यांना न्यायचे की नाही ह्यावर बरीच चर्चा झाली. ते म्हणाले, “डोंगर कोठे पळी जास का? मी खाल बसस.” आणि ते खाली, वाडीतल्या एका घराच्या ओट्यावर डोंगराकडे तोंड करून बसले. वरचे लोक गजर करतील तो वेळ त्यांनी विचारून घेतला आणि त्याच वेळी त्यांनी खाली नाम घेतले. तेव्हापासून खाली बसणारे एकटे राहिले नाहीत. दरवर्षी चार-पाच जण होतात, त्यांत दोन आजीबाई असतात. आदल्या दिवशी निवडून ठेवलेल्या डाळ-तांदळाची खिचडी त्याच करतात. गवळ्याचा एक पोर शिखरावर आणि हजारो माणसे खाली, असे सप्तशृंगीला जे होते तेच इथे लहान प्रमाणात होते.

खाली बसणाऱ्यांकडे आणखी एक काम असते आणि मला ते सगळ्यात मोठे वाटते. वर जाणाऱ्यांची मोजणी. सकाळी निघताना आजोबा प्रत्येकाला नावाने हाक मारतात आणि मुठीतल्या ज्वारीचा एकेक दाणा तांब्याच्या पेल्यात टाकतात. संध्याकाळी एकेक माणूस उतरून ओट्यापुढे येऊन नमस्कार करतो, तसा एकेक दाणा बाहेर निघतो. बावीस गेले असतील तर बाविसावा उतरेपर्यंत आरतीचे तबक झाकलेलेच राहते, आणि खिचडीला हात लावायची परवानगी कोणाला नसते, मग तो कितीही भुकेला असो.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥